फताड्या पायांची फॅशन

बूट आवडतो, भावही जमतो, फक्त पायच बसत नाही! रुंद, चपटे, लहान किंवा भलतेच मोठे पाय असणाऱ्यांनी रोजच्या वापराचे स्टायलिश शूज खिशाला न कापता कसे शोधायचे? पोंभुर्ण्याच्या बांधीपासून पुण्याच्या मॉलपर्यंतच्या पायपिटीचे हे अनुभवाचे बोल.

"दादा, यात सहा नंबर दाखवा ना."

दुकानातला दादा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग पायांकडे. आणि मग ते वाक्य येतं, जे मी लक्ष्मी रोडपासून सीताबर्डीपर्यंत प्रत्येक दुकानात ऐकलंय. "मॅडम, तुम्ही सातच घ्या. सहामध्ये तुमचा पाय जाणार नाही."

सातमध्ये पाय जातो. पण चालायला लागलं की टाच मागून फटक्‌ फटक्‌ बाहेर येते. सहामध्ये टाच मस्त बसते, पण करंगळी रडते. साडेसहा आहे का विचारलं तर दादा असा बघतो, जणू मी त्याच्याकडे चंद्र मागितलाय. शेवटी तीच ती काळी, आजीबाई टाइप सँडल समोर येते. "यात बघा मॅडम, एकदम कम्फर्टेबल." कम्फर्टेबल असते हो, पण कुर्ती आणि जीन्सवर ती घालून ऑफिसला जायचं म्हणजे...

लहानपणी सिंड्रेलाची गोष्ट ऐकताना सगळ्या मुलींना सिंड्रेला व्हायचं असायचं. मला मात्र त्या सावत्र बहिणींची दया यायची. बिचाऱ्यांचे पाय रुंद होते, एवढाच काय तो गुन्हा!

तुमचंही असंच होतं का? मग हा लेख तुमच्यासाठी.

करंगळीची मुलाखत

पुण्यात आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका चांगल्या कंपनीत तिसऱ्या राउंडपर्यंत पोचले होते. फॉर्मल्स नवे घेतले, त्यातच पैसे संपले. बूट रूममेटचे. काळे, टोकदार, एकदम स्मार्ट. नंबर सहा, म्हणजे माझाच की! लिफ्टपर्यंत पोचेतो डाव्या करंगळीवर फोड आला. रिसेप्शनवर पाऊण तास बसवून ठेवलं तेव्हा टेबलाखाली गुपचूप बूट काढले आणि नाव पुकारल्यावर ते परत चढवता चढवता घाम फुटला.

आत काय प्रश्न विचारले ते आज आठवत नाही. करंगळी आठवते. नोकरी मिळाली नाही. बुटांमुळे नाही मिळाली असं मी म्हणणार नाही. पण त्या चाळीस मिनिटांत माझं अर्धं डोकं पायात होतं, हे खरं.

त्या रात्री आईला फोन केला. आई पोंभुर्ण्याला. चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं आमचं गाव. पावसाळा म्हणजे बांधीतला चिखल आणि रोवणी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहून वं बाई, दुसऱ्याचे बूट कशाले घातले? तुया पाय तुया आजीवर गेला. आपल्या घरी साऱ्याईचेच पाय असे फताडे हायेत."

फताडे! हाच तो शब्द. कॉलेजात मैत्रिणी तो हसून म्हणायच्या आणि मी पाय बाकाखाली ओढून घ्यायची. आईनं मात्र तो असा म्हटला, जसं कोणी नाक सरळ आहे म्हणतं.

चूक पायांची नाहीच मुळी

आता थोडा अभ्यास. घाबरू नका, बोअर करणार नाही!

आपल्याकडे बुटांच्या बॉक्सवर जो नंबर असतो तो बहुतेक वेळा 'यूके'. इंग्रजांनी आणलेली ही मोजणी आपण अजून वापरतो. यूकेचा एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपियन नंबरात हीच पायरी पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते. आणि गंमत अशी, की हा आकडा सांगतो फक्त लांबी. रुंदीचं काय? त्यासाठी परदेशात डी, ई, डबल ई अशी वेगळी अक्षरं असतात. आपल्या साध्या दुकानांत ती अक्षरं कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. म्हणजे पाय रुंद असला की आपण लांबी वाढवत बसतो. दुखणं चवड्याला आणि औषध टाचेला!

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं (सीएलआरआय) डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी तब्बल १,०१,८८० लोकांचे पाय थ्रीडी मशिनवर मोजले. निष्कर्ष? भारतीयांचे पाय युरोपियन आणि अमेरिकन पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात, आणि अरुंद बुटांमुळे आपण गरजेपेक्षा मोठे नंबर घालून फिरतो. त्यावरून भारतीय पायांसाठी वेगळी मोजणी सुचवली गेली. तिचं नाव 'भा', भारतातला भा. तान्ह्या बाळापासून मोठ्या पुरुषापर्यंत वयोगटानुसार तिचे आठ गट आहेत. बाईचा पाय साधारण अकराव्या वर्षापर्यंत आणि पुरुषाचा पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत जोरात वाढतो, हेही याच मोजणीतून पुढे आलं.

आणखी एक भारी गोष्ट. २००९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय तपासले. बूट वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचे चवडे रुंद होते आणि चालताना पायावरचा भार जास्त सारखा विभागला जात होता. त्याआधी १९९२ साली राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० भारतीय मुलांचे पाय पाहिले होते. चपला-बूट घालणाऱ्यांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत फक्त २.८ टक्के.

म्हणजे चिखलात, बांधावर, शाळेच्या वाटेवर चप्पल हातात घेऊन चाललेलं आमचं बालपण पायांना काही वाईट पडलं नाही. पाय त्याच्या कामाला चोख आहे. फर्माच दुसऱ्याच्या पायाचा आहे!

आधी पाय काढा

म्हणजे कागदावर काढा! हा माझा सगळ्यात लाडका फंडा, आणि खर्च शून्य.

संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, जुनं कॅलेंडर उलटं करून त्यावर उभ्या राहा. बसून नाही, कारण अंगाचं वजन पडलं की पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी मोजा, मग चवडा जिथे सगळ्यात रुंद आहे तिथली रुंदी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकींचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय बहुतेक वेळा सारखे नसतात. जो मोठा, त्याच्या मापानं खरेदी करायची.

माझी लांबी निघाली साडेचोवीस सेंटिमीटर आणि रुंदी सव्वादहा. लांबीनं मी साडेपाच-सहा नंबरवालीच होते. इतकी वर्षं सात घालत होते ती फक्त रुंदीसाठी.

आता ही बाह्यरेषा कापून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. दुकानात स्पोर्ट्स शू किंवा स्नीकर आवडला तर आतला सोल बाहेर काढा आणि त्यावर कागद ठेवा. कागद चारी बाजूंनी बाहेर डोकावतोय? मग तो बूट कितीही गोड असला तरी परत बॉक्समध्ये. पुढे अंगठ्याएवढी जागा, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, मोकळी हवी. दुकानदार आधी हसतो. मग दुसऱ्या गिऱ्हाइकालाही कागद मागतो, बघा तुम्ही!

काय घ्यायचं, काय टाळायचं

पेन्सिल हील आणि टोकदार नाकाचे पंप्स बघायला छान. पण रुंद पायासाठी ते म्हणजे चौकोनी खुंटी गोल भोकात. ज्यांचं नाक गोल किंवा चौकोनी आहे ते बूट निवडा. चौकोनी टोकाचे लोफर्स फॉर्मल पॅण्टवर एकदम कडक दिसतात.

बॅलरिना घ्यायचीच असेल तर जिचा गळा थोडा खोल आहे ती नको, कारण बोटांच्या फटी दिसतात आणि चवडा दोन्हीकडून फुगतो. वर पट्टी असलेली, म्हणजे शाळेच्या बुटांसारखी मेरी जेन स्टाइल घ्या. पट्टीमुळे टाच निसटत नाही.

सँडलमध्ये बकल किंवा वेल्क्रो हवंच. चवड्यावरची पट्टी कमी-जास्त करता आली, की तुमचा पाय सकाळी काय आणि संध्याकाळी काय, दोन्ही वेळा सुखी. हील हवीच असेल तर जाड ब्लॉक हील, दोन इंचांच्या आत.

लेसचे स्नीकर्स तर आपल्यासाठी वरदानच! चवड्यापाशी आवळतंय? सगळ्यात खालच्या भोकांतून लेस काढूनच टाका, वरच्या भोकांपासून सुरू करा. पायाचा वरचा भाग उंच असेल तर लेस फुलीसारखी न घालता आडव्या समांतर रेषांत घाला. पैसे न मोजता अर्धा नंबर वाढल्यासारखं वाटतं.

आणि मटेरियल? खरं चामडं आणि कापड पायाप्रमाणे थोडं सैल होतं. रेक्झिन आणि पीयू होत नाही. "घालून घालून लूज होईल मॅडम" हे वाक्य रेक्झिनच्या बुटाबद्दल ऐकलं, तर गोड हसा आणि पुढच्या दुकानात जा.

फक्त रुंदच का?

माझ्या ऑफिसात एकीला दोन नंबर लागतो. बिचारीला लेडीज सेक्शनमध्ये काही मिळतच नाही. आता ती थेट मुलांच्या विभागात जाते. यूकेच्या मोजणीत लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे मोठ्या मुलांचा दोन-तीन नंबर तिला आरामात होतो. आणि तेच डिझाइन तिथे बऱ्याचदा स्वस्तात मिळतं!

याच्या उलट, आठ-नऊ नंबरवाल्या उंच मैत्रिणींनो, पुरुषांच्या स्नीकर्सकडे बघा. पांढरा, राखाडी, नेव्ही ब्ल्यू, कोणाला कळणार आहे? त्यांचा फर्माही मुळात रुंद असतो, त्यामुळे रुंद पायवालींनाही ही आयडिया चालते. फक्त बॉक्सवर यूके लिहिलंय की यूएस, हे वाचा. अमेरिकन नंबरात बायकांचा आणि पुरुषांचा आकडा वेगळा असतो.

पाय अरुंद असेल तर आतला एक जादा सोल किंवा टाचेला चिकटवायचा पॅड पुरतो. तळवा सपाट असेल तर बूट मधोमध मुडपून बघा. चांगला बूट बोटांपाशी वाकतो, कमरेत नाही. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं असेल, तर त्या जागी शिलाई नसलेला, मऊ कापडाचा बूट बघा. आणि रोज दुखत असेल तर दुकानाआधी डॉक्टर. त्यात फॅशन नाही.

खिशाचा हिशेब

माझं बजेट दीड हजार. त्यात दोन गोष्टी शिकले.

पहिली म्हणजे रोजचा खर्च काढायचा. सहाशे रुपयांची बॅलरिना घेतली, तीन वेळा घालून पाय सोलले, मग ती कपाटात. म्हणजे दर वेळी दोनशे रुपये! दीड हजाराचा लोफर वर्षात अडीचशे दिवस घातला, म्हणजे रोजचे सहा रुपये. एका कटिंग चहापेक्षाही स्वस्त.

दुसरी गोष्ट करांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर १८ टक्के. म्हणजे कर सोडून २,४०० चा जोड २,५२० ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. किमतीत फरक दोनशेचा आणि बिलात साडेपाचशेचा! सीमेवरचा जोड आवडला तर जरा थांबा.

सेलमध्ये घेताना बॉक्सवरचा तयार केल्याचा महिना आणि वर्ष वाचा. पीयूचे सोल दमट हवेत पडून पडूनही खराब होतात. वर्षानुवर्षं जपलेले 'ठेवणीतले' बूट लग्नाच्या दिवशी घातले आणि मांडवातच सोलचा भुगा पडला, हे आमच्या नात्यात घडलंय. आणि आमच्या चंद्रपूरचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत बूट ठेवले तर डिंक सुटलाच म्हणून समजा.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा, बूट संध्याकाळी घाला आणि घरातच फरशीवर दहा मिनिटं चाला. सेंटिमीटरचा तक्ता दिला असेल तर नंबर विसरून तोच बघा.

कोपऱ्यावरचे डिझायनर

मोचीकाकांना विसरू नका! माझ्या ऑफिसजवळच्या काकांकडे लाकडी फर्मा आहे. चामड्याचा बूट त्यावर दोन रात्री चढवून ठेवला, की करंगळीपाशी हवी तेवढी जागा होते. सँडलच्या पट्टीला एक जादा भोक, बकल पाऊण इंच बाहेर, टाचेला आतून मऊ तुकडा, ही सगळी कामं अगदी थोड्या पैशांत होतात. बूट 'जवळजवळ बसतो' आणि 'बसतो' यांत अंतर असतं ते या काकांच्या पेटीएवढं.

आणि कोल्हापुरी? तिच्यावर तर जगाचा डोळा! २०१९ साली कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशाच सँडल्स उतरवल्या, पण नाव घेतलं नाही. मग इकडून ओरड झाली आणि त्यांना मूळ मान्य करावं लागलं. आपल्याला तीच चप्पल अस्सल हवी तर कोल्हापूरच आहे ना! रुंद पायासाठी कोल्हापुरी उत्तम, कारण दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि चामडं हळूहळू पायाचा आकार घेतं. फक्त अंगठा फार घट्ट नको. सुरुवातीला ती चावतेच, म्हणून पहिले काही दिवस घरात अर्धा-अर्धा तास घाला, चावते तिथे थोडं खोबरेल लावा. पावसात मात्र ती नको. आमच्या गावच्या चिखलात तर अजिबात नको!

आणि एक कागद

गेल्या वर्षी आईला शुगर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, अनवाणी फिरायचं नाही, तळव्याला लागलेलं कळणार नाही आणि जखम चिघळेल. आई म्हणाली, "बांधीत चप्पल घालून रोवणी करतेत का कोनी? चप्पल चिखलातच राहते आन्‌ मी बाहेर!" तिचं चूक नव्हतं. शेवटी तडजोड अशी झाली, की या वर्षी रोवणीला मजूर लावायचे. आईनं बांधावर उभं राहून सगळ्यांना ओरडायचं, पण पायात काहीतरी घालूनच. आणि रोज रात्री तळवे हातानं चाचपून, नीट बघायचे.

प्रश्न एकच, घालायचं काय? तिच्याकडे आयुष्यात बंद बूट कधी नव्हताच. जिल्ह्यात कुष्ठरोगाचं काम जुनं, वरोऱ्याचं आनंदवन चालवणारी बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ची. त्यामुळे एमसीआर चप्पल हा शब्द आमच्याकडे ऐकलेला असतो. आत मऊ मायक्रोसेल्युलर रबर, बाहेर टणक सोल. बधिर पायांसाठीच ती असते, मधुमेहींनाही सुचवतात. घरात घालायला तशी एक घेतली. बाहेरसाठी बूट मी घेईन म्हणाले.

"पाय काढून पाठव," असं फोनवर सांगितलं तर आधी खूप हसली. मग भावानं कॅलेंडरच्या मागे तिचे पाय काढले आणि गावाकडून येणाऱ्या एकाबरोबर कागद पाठवला. मी माझा कागद पर्समधून काढला आणि तिच्या कागदावर ठेवला. चवड्याचा तोच पसरटपणा. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा तेवढंच लांब. करंगळी तशीच बाहेर वळलेली. फक्त तिचा पाय माझ्यापेक्षा थोडा जास्त पसरलेला, तीस-चाळीस पावसाळ्यांच्या रोवणीनं.

दोन तास फिरले. शेवटी पुरुषांच्या विभागात राखाडी रंगाचा, वेल्क्रोचा, हलका बूट सापडला. पुढून ऐसपैस, आत शिलाई नाही. कागद आत बरोबर बसला. किंमत तेराशे. दिवाळीला घेऊन गेले तर तिनं आधी किंमत विचारली. मी "चारशे" म्हटलं. मग तिनं तो घातला, अंगणात दोन चकरा मारल्या आणि खाली बघत म्हणाली, "हा तर चावतच नाही वं."

मध्यंतरी नव्या ठिकाणी मुलाखत होती. चौकोनी नाकाचा काळा लोफर, काकांच्या फर्म्यावर दोन रात्री ठेवलेला. रिसेप्शनवर याही वेळी अर्धा तास बसवलं. बूट काढावेसे वाटले नाहीत. आत विचारलेले सगळे प्रश्न आठवतात. आणि हो, नोकरी मिळाली!

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी दादा म्हणाला, "मॅडम, तुमचा पाय जाणार नाही," तर पाय आत ओढू नका. पर्समधून कागद काढा आणि म्हणा, "दादा, या पायाला जाईल असा बूट दाखवा."